एकोणसत्तरची कमॅरो

शेव्हरोले कंपनीने १९६७ सालच्या कमॅरो गाडीसाठी गिऱ्हाइकांपुढे ऐच्छिक साहित्याची जी यादी ठेवली होती, तिच्यात ‘झेड-२७’ आणि ‘झेड-२८’ असे दोन क्रमांक लागोपाठ होते. पहिल्याला ‘सुपर स्पोर्ट’ असे भारदस्त नाव मिळाले. दुसऱ्याचे बारसे करण्यास कोणाला सवड झाली नाही, आणि पुढे तो दप्तरी आकडाच त्या गाडीचे नाव होऊन बसला. पहिल्या वर्षी ही गाडी घेणारे अवघे ६०२ निघाले. १९६९ मध्ये तीच संख्या वीस हजारांच्या घरात गेली. आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर अमेरिकेतील हौशी मंडळी एकोणसत्तर सालच्या कमॅरोंचे गंजलेले सांगाडे कोठारांतून आणि शेतांच्या कडेवरून हुडकून काढतात व त्यांना पुन्हा उभे करतात. त्यांच्यात दोन पंथ आहेत. एका पंथाला बोल्टाच्या डोक्यावरची खूणसुद्धा त्याच सालची हवी असते. दुसऱ्याला केवळ पत्र्याची आकृती जुनी चालते, आत सर्व काही नवे. या दोहोंच्या मधली जी तिसरी रीत आहे, तिच्यात इंजिन त्या काळचेच आणि त्याच घडणीचे ठेवतात, पण चाकांना धरून ठेवणारी व रस्त्याचे धक्के सोसणारी जी यंत्रणा, म्हणजे सस्पेन्शन, ती मात्र आजच्या विद्येने बनवलेली बसवतात. वरकरणी ही तडजोड वाटते. माझे मत असे की, झेड-२८ च्या बाबतीत कंपनीने जे देणे पहिल्या दिवसापासून थकवले होते, त्याचीच ही उशिरा झालेली फेड आहे.

हे मत नीट कळण्यासाठी ‘मसल कार’ नावाच्या प्रकाराची थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १९६४ मध्ये शेव्हरोलेप्रमाणेच जनरल मोटर्सचा विभाग असलेल्या पॉन्टिॲकचा प्रमुख अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी यांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे थोरले इंजिन बसवून ‘जीटीओ’ विकायला काढली. वास्तविक मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये असा जनरल मोटर्सचा खुद्द हुकूम होता. परंतु जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नसून ऐच्छिक साहित्य आहे, अशी मखलाशी करून डिलोरियनने तो हुकूम शिताफीने बाजूला सारला. मोठे इंजिन, बेताचे वजन आणि तरुणाच्या खिशाला परवडेल असा भाव, एवढ्या भांडवलावर पुढची सात-आठ वर्षे डेट्रॉइटच्या कारखान्यांनी अश्वशक्तीची जी चढाओढ चालवली, तिचा सारा रोख पाव मैलाच्या सरळ रस्त्यावर होता. वळणाचा विचार त्यात जवळजवळ नव्हताच. आपल्याकडे मुंबईत शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना होता आणि शेव्हरोले हे नाव जुन्या मुंबईकराच्या अगदी ओठांवरचे होते. पण तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, पुढे परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध राहिले, आणि त्यामुळे मसल कारची ही सबंध पिढी आपल्या वाट्याला आली ती बहुतांशी इंग्रजी चित्रपटांच्या पडद्यावरूनच.

झेड-२८ चा जन्म मात्र वळणांसाठी झाला होता. १९६६ मध्ये अमेरिकेत ‘ट्रान्स-ॲम’ नावाची शर्यतमालिका सुरू झाली. तिच्या वळणावळणांच्या मार्गांवर धावणाऱ्या गाडीचे इंजिन पाच लिटरांच्या, म्हणजे ३०५ घनइंचांच्या आत असले पाहिजे असा दंडक होता. जनरल मोटर्सने १९६३ मध्येच शर्यतींतून अधिकृतपणे अंग काढून घेतले होते. सबब शेव्हरोलेतील व्हिन्स पिगिन्स नावाच्या अभियंत्याने असा मार्ग काढला की, कंपनीने स्वतः शर्यतीत न उतरता, शर्यतीला पात्र ठरेल अशी गाडी बाजारात ठेवावी म्हणजे झाले. त्यासाठी ३२७ घनइंचांच्या इंजिनाचा ठोकळा घेऊन त्यात २८३ घनइंचांच्या इंजिनाच्या मापाचा क्रँकशाफ्ट बसवण्यात आला. चार इंच व्यासाचा सिलिंडर आणि पिस्टनची धाव केवळ तीन इंच, या जोडीतून ३०२ घनइंचांचे इंजिन सिद्ध झाले. धाव आखूड असली की पिस्टनला एका फेरीत कमी अंतर कापावे लागते, आणि म्हणून असे इंजिन अधिक वेगाने फिरू शकते. मिनिटाला सात हजार फेऱ्या हे त्याला नित्याचे. कंपनीने कागदोपत्री त्याची शक्ती २९० अश्वशक्ती एवढीच लिहिली. जाणकार मंडळी खरा आकडा साडेतीनशेच्या आसपास धरतात, आणि ही नोंद मुद्दामच कमी दाखवली होती याविषयी आज फारसा वाद उरलेला नाही. रॉजर पेन्स्केच्या चमूतर्फे मार्क डोनोह्यूने १९६८ मध्ये तेरांपैकी दहा शर्यती जिंकून शेव्हरोलेला अजिंक्यपद मिळवून दिले, आणि १९६९ मध्येही ते पद शेव्हरोलेकडेच राहिले.

परंतु डोनोह्यूच्या गाडीखाली जे होते, ते शोरूममधील गाडीखाली नव्हते. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या झेड-२८ चा सांगाडा मुळात त्याच कमॅरोचा होता, जी सहा सिलिंडरांचे साधे इंजिन घालून बाजारहाटासाठी विकली जाई. त्याला ताठ स्प्रिंगा, रुंद टायर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक एवढी भर घालून कंपनीने हिशेब मिटवला. इंजिन शर्यतीचे आणि पाय संसारी गाडीचे, असा हा विजोड संसार होता. शर्यतवाल्यांनी तो विजोडपणा आपल्या कार्यशाळेत दुरुस्त केला. सामान्य मालकाने तो निमूटपणे चालवून घेतला.

आता असली गाडी उभारायची झाली तर पहिला प्रश्न यंत्राचा येत नाही, दस्तऐवजांचा येतो. १९६९ च्या कमॅरोचा तेरा अक्षरांकांचा क्रमांक समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात एका पट्टीवर असतो. ‘१२४३७९एन’ अशी सुरुवात असेल तर त्यावरून गाडी शेव्हरोलेची, आठ सिलिंडरांची, दोन दारांची, १९६९ ची आणि ओहायो राज्यातील नॉरवुडच्या कारखान्यात बनलेली, इतके कळते. ती झेड-२८ आहे की नाही, हे मात्र त्यातून मुळीच कळत नाही. या एका उणिवेमुळे त्या देशात तोतया झेड-२८ गाड्यांचे उदंड पीक आले आहे. खरेपणाचा दाखला मग अन्य ठिकाणी शोधावा लागतो: इंजिनकक्षाच्या मागच्या भिंतीवरील पत्र्याच्या चिठ्ठीवर, जिथे नॉरवुडच्या पुष्कळ गाड्यांना ‘एक्स-३३’ किंवा ‘एक्स-७७’ हे संकेत आढळतात, हमीच्या पुस्तिकेला जोडलेल्या धातूच्या चिमुकल्या पट्टिकेवर, जिच्यावर गाडी, इंजिन व ॲक्सल यांचे संकेत उठवलेले असतात आणि जिला तिथले संग्राहक आपल्या इतिहाससंशोधकांनी ताम्रपटाला जपावे तसे जपतात, आणि अखेरीस प्रत्यक्ष इंजिनावर.

इंजिनावरची ही मोहर जवळून पाहण्याजोगी असते. उजव्या बाजूच्या हेडच्या पुढे, ठोकळ्याच्या कडेला, दोन बोटे रुंदीची एक सपाट जागा सोडलेली आहे. तिच्यावर ‘व्ही०३१२डीझेड’ अशा थाटाचा छाप असतो: ‘व्ही’ म्हणजे मिशिगन राज्यातील फ्लिंटचा इंजिन कारखाना, मधले आकडे म्हणजे १२ मार्च, आणि ‘डीझेड’ म्हणजे १९६९ चे ३०२ घनइंची इंजिन. शेजारी गाडीच्या क्रमांकाचा काही भाग पुन्हा ठोकलेला. पण जाणता परीक्षक अक्षरे वाचण्याआधी त्यांच्या खालची जमीन पाहतो. कारखान्यात ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग ज्या यंत्राने सपाट केला जाई, त्याच्या दातांचे केसासारखे बारीक, समांतर ओरखडे त्या जागेवर पुढून मागे गेलेले असतात. पुढे कधी एखाद्या वर्कशॉपात ठोकळा पुन्हा घासला गेला, तर हे ओरखडे आणि मूळ छाप दोन्ही पुसले जातात; आणि मग लबाड विक्रेता त्या गुळगुळीत पोलादी रंगाच्या जमिनीवर हवी ती अक्षरे नव्याने ठोकतो. अक्षरे बिनचूक असतात, ओरखडे मात्र नसतात. हल्ली ते ओरखडेही खोटे काढणारे कारागीर निघाले आहेत, ही गोष्ट निराळी.

जिच्या अंगावर हे सर्व पुरावे शाबूत आहेत अशी गाडी कापू नये, एवढे मी निःसंकोच सांगेन. ती आहे तशी जतन करावी. आपल्या प्रयोगाला योग्य गाडी म्हणजे जिचे मूळ इंजिन केव्हाच भंगारात गेले आहे अशी साधी कमॅरो, किंवा हल्ली परवान्यानिशी नव्याने बनणारा एकोणसत्तरचा कोरा सांगाडा. तीत बसवायचे इंजिन त्याच गाडीबरोबर जन्मलेले असण्याची मग अट राहत नाही. ते त्या काळचे, त्या प्रकारचे असले म्हणजे पुरे. कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? शेव्हरोलेनेच १९९७ पासून कॉर्व्हेटमध्ये ‘एलएस’ घराण्याचे जे ॲल्युमिनियमचे इंजिन आणले, ते जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा शंभरएक पौंडांनी हलके आहे, थंडीत एका किल्लीसरशी सुरू होते, शक्ती अधिक देते, पेट्रोल कमी पिते. हा युक्तिवाद व्यवहाराच्या दृष्टीने बिनतोड आहे आणि बहुसंख्य लोक तोच स्वीकारतात. परिणामी आज अमेरिकेतील कुठल्याही मेळाव्यात दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या जुन्या गाड्यांची झाकणे उघडली, तर निम्म्यांत एकच इंजिन दिसेल आणि एकच आवाज ऐकू येईल. ज्या गाडीचे सारे प्रयोजनच एका विशिष्ट इंजिनातून निर्माण झाले, तिच्यातून ते काढल्यावर मागे उरतो तो रंगवलेला पत्रा.

३०२ ची नव्याने बांधणी करणे हे धीराचे काम आहे. ठोकळ्याला तडे आहेत काय हे चुंबकीय भुकटीने तपासायचे, सिलिंडर बोअर करून घ्यायचे, घडीव पोलादी क्रँक सूक्ष्ममापकाने पारखून समतोल करायचा, एवढे कुठल्याही इंजिनाला लागतेच. या इंजिनाच्या खऱ्या अडचणी काळ बदलल्यामुळे उद्भवल्या आहेत. त्याचे संपीडन-प्रमाण ११ ला १ इतके चढे होते, आणि त्या काळी पंपावर शिसेमिश्रित, उच्च ऑक्टेनचे पेट्रोल मिळे म्हणून ते खपून जाई. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा झाला, १९७१ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांची संपीडन-प्रमाणे सरसकट उतरवली, १९७३ चे तेलसंकट आले, आणि १९९६ पासून तर रस्त्यावरील गाड्यांसाठी शिसेमिश्रित पेट्रोल तिथे पूर्णपणे बंद झाले. शिसे नुसते ठोके आवरत नसे. व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर आपटतो तिची झीजही ते रोखी. म्हणून आता हेडमध्ये कठीण पोलादाच्या बैठका बसवाव्या लागतात आणि पिस्टन थोडे बदलून प्रमाण दहाच्या आसपास आणणे बहुतेकांना शहाणपणाचे वाटते. तेलाचेही तसेच. या इंजिनातील कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर टॅपेट सपाट तळाने घासत चालतात. जुन्या तेलात जस्ताचे जे संयुग भरपूर असे, ते नव्या तेलांत उत्सर्जन-नियंत्रणाच्या यंत्रणेखातर कमी केले गेले, आणि साधे आधुनिक तेल घालून पहिल्याच अर्ध्या तासात नवा कॅमशाफ्ट खाल्ला गेल्याची उदाहरणे विपुल आहेत. तेव्हा जस्तयुक्त तेल शोधून आणायचे, हे ओघानेच आले. वर मिनिटाला ७८० घनफूट हवा घेणारा चार तोंडांचा होली कार्बोरेटर बसवायचा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटांच्या जागी, मूळ टोपीखाली दिसणार नाही असे, इलेक्ट्रॉनिक साधन दडवून टाकण्याची मुभा कट्टर मंडळीही एकमेकांना गुपचूप देतात. इतकी लबाडी मलाही क्षम्य वाटते.

आता सस्पेन्शनकडे वळू. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, बाहेरचे पुढचे चाक दबून वर जाते, आणि त्या क्षणी चाकाचा माथा किंचित आत झुकला तर टायरचा पूर्ण तळवा रस्त्याला चिकटून राहतो. मूळ कमॅरोत वरच्या आडव्या भुजेच्या बिजागरीची जागा अशी होती की, चाक वर जाताच त्याचा माथा उलट बाहेर कले, आणि रुंद टायर केवळ बाहेरच्या कडेवर फरफटत जाई. ही चूक अज्ञानातून झालेली नव्हती. त्या काळचे टायर तिरप्या दोऱ्यांच्या विणीचे, लवचिक बगलांचे. आणि अननुभवी चालकाच्या हाती गाडी गेली तर तिने गिरकी घेण्याऐवजी निमूटपणे सरळ घसरावे, हेच कारखान्याला सुरक्षित वाटे. कॉर्व्हेटच्या शर्यतींत नाव कमावलेल्या डिक गुल्डस्ट्रँडने यावर जो उपाय रूढ केला, तो इतका साधा आहे की हसू यावे: वरच्या भुजेच्या बोल्टांची छिद्रे जेमतेम इंचभर खाली सरकवून नव्याने पाडायची. तेवढ्याने चाकाचा झुकाव उलटा होऊन योग्य दिशेला वळतो. आज याहून पुढे जाऊन सबंध पुढची चौकटच बदलता येते. तीत भुजांची भूमिती मुळातूनच आधुनिक असते, स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच दांड्यावर एकवटलेले असतात, आणि जुन्या ढिल्या सुकाणूपेटीच्या जागी दातेरी पट्टीचे स्टिअरिंग येते.

मागची बाजू याहून बिकट. तिथे अखंड ॲक्सल दोन बाजूंच्या पोलादी पाट्यांवर, आपल्याकडील ट्रकच्या मागच्या पाट्यांसारख्याच पाट्यांवर, टेकलेला होता. या पाट्यांकडे तीन कामे एकदम सोपवलेली: वजन पेलणे, ॲक्सलला जागेवर धरणे आणि इंजिनाचा पीळ सोसणे. १९६७ मध्ये तर प्रत्येक बाजूला एकच पाटा होता. क्लच सोडताच ॲक्सल पीळ खाई, पाटा नागमोडी वाके, पुन्हा सरळ होई, आणि मागची चाके रस्त्यावर थडथड उड्या मारत. १९६८ पासून शक्तिमान गाड्यांना अनेक पाटे दिले गेले आणि एक शॉकॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे व दुसरा मागे अशी तिरकी मांडणी करण्यात आली. रोग हटला नाही, आटोक्यात आला. आजची तजवीज अशी की, पाट्यांची तिन्ही कामे तीन निराळ्या अवयवांना वाटून द्यायची. वजन स्प्रिंगेने घ्यावे, पीळ लांब दांड्यांनी घ्यावा, आणि ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असावा. हा आडवा दांडा एका टोकाला खिळलेला असल्यामुळे वर्तुळाच्या कंसात फिरतो आणि ॲक्सलला किंचित बाजूला ओढतो. तेवढेही ज्यांना खपत नाही ते जेम्स वॅटची जोडणी बसवतात, जी त्याने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनाचा दांडा सरळ रेषेत चालावा म्हणून शोधून काढली होती, आणि जिचा त्याला आपल्या अन्य कुठल्याही यांत्रिक शोधाहून अधिक अभिमान होता. बिडाच्या जुन्या इंजिनाखाली ‘आधुनिक’ म्हणून जे बसते, त्याचा एक भाग असा सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे.

या सर्वांची जुळणी रंगाआधी, उघड्या पत्र्यावर करावी लागते, आणि खरे कौशल्य तिथेच दिसते. कमॅरोचा पुढचा भाग स्वतंत्र चौकटीवर, मागचा भाग पत्र्याच्या एकसंध पेटीचा, आणि दोहोंमध्ये रबराच्या चकत्या. नवे सस्पेन्शन अशा लवचिक पायावर टाकले तर त्याचे मोजमाप व्यर्थ जाते, म्हणून आधी दोन्ही भाग पोलादी नळ्यांनी सांधून झाळायचे. मग स्प्रिंगा काढून ठेवायच्या आणि चाक जॅकवर घेऊन अर्ध्या-अर्ध्या इंचाने वर उचलत जायचे. प्रत्येक टप्प्याला चाकाचा झुकाव कोनमापकाने टिपायचा, चाक आपोआप डावी-उजवीकडे वळते का हे पाहायचे, आणि सर्वांत वरच्या टप्प्याला टायर पत्र्याला कुठे घासतो तिथे खडूची खूण करायची. याच वेळी कळते की ३०२ चे रुंद पसरलेले एक्झॉस्टचे पाइप आणि स्टिअरिंगचा दांडा एकाच जागेवर हक्क सांगत आहेत. नवी चौकट बनवणाऱ्यांनी बहुधा ‘एलएस’ डोळ्यांपुढे ठेवलेले असते, त्यामुळे इंजिनाचे माउंट, तेलाचे तसराळे आणि पाइप यांची काटछाट जुन्या इंजिनवाल्याच्या नशिबी येतेच. टायर आणि ब्रेक यांविषयी फार लिहीत नाही. मूळच्या पंधरा इंची चाकांऐवजी सतरा-अठरा इंची चाके घातली की मोठ्या डिस्कना जागा होते, आणि एकदा रेडियल टायर आले की जुन्या सेटिंगला अर्थ उरत नाही. पूर्वी स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव अर्ध्या अंशाच्या आसपास ठेवत. आता तो पाच अंशांवर नेतात, आणि त्यामुळे वळणानंतर चाके आपली आपण सरळ होतात.

अशी गाडी घाटात नेली की ३०२ चा स्वभाव प्रथमच पूर्णपणे उमगतो. तीन हजार फेऱ्यांखाली ते कुरकुरते, दम धरत नाही, आणि सरळ रस्त्यावर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पळण्यासाठी ज्यांनी ते त्या काळी विकत घेतले, त्यांतील पुष्कळांची निराशा झाली असणार. चार हजारांनंतर मात्र ते जे पेटते, ते वळणातून बाहेर पडताना, चाके रस्त्याला धरून असतानाच उपयोगी पडते. शुद्धतावादी यावर आक्षेप घेतात की, मूळ गाडीचा बेभरवशाचा डौल हाही तिच्या चारित्र्याचा भाग होता. आक्षेप प्रामाणिक आहे. पण तो डौल कुणा अभियंत्याने योजलेला नव्हता. तो हिशेबनिसाने योजलेला होता.

सगळे जुळून आल्यावर नव्या सस्पेन्शनकडे वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही. टॅपेटचे तसे नाही. या इंजिनातील कॅमशाफ्टला ‘तीस-तीस’ म्हणतात, कारण दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हांची फट एक इंचाच्या हजार भागांपैकी तीस भाग राखावी लागते, आणि ती फट वाढली-घटली की इंजिनाची टकटक लगेच बदलते. दर काही हजार मैलांनी झाकणे काढून, पोलादी पात्याचे गेज सोळाही व्हॉल्व्हांत सरकवून ती पुन्हा बसवायची. आणि हे माप गरम इंजिनावरचे असल्यामुळे, बोटे भाजून घेतल्यावाचून ते काम होत नाही.